भारतीय बालयकृत सूत्रण रोग

भारतीय बालयकृत सूत्रण रोग, अर्थात भारतीय बालसिरोसिस, हा साधारणपणे सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलांना होणारा यकृताचा एक गंभीर विकार होय. या रोगात यकृताच्या पेशींमध्ये तांबे अतोनात साठते, पेशी नष्ट होतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढते आणि यकृत कठीण होत जाते. उपचार उपलब्ध नव्हते त्या काळी बहुतेक बाधित मुले लक्षणे दिसू लागल्यापासून वर्षभरात दगावत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे शंभर वर्षे हा रोग भारतातील अनेक प्रांतांत बालमृत्यूचे एक परिचित कारण होता. त्याच्या कारणांचा उलगडा करण्यात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. पितळेच्या व तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत तापवलेले आणि साठवलेले वरचे दूध तान्ह्या मुलांना पाजणे, हे या रोगाचे प्रमुख कारण मानले जाते. १९९० च्या दशकापासून हा रोग अत्यंत दुर्मीळ झाला आहे.

नाव

‘सिरोसिस’ हे नाव फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१९ मध्ये रूढ केले. रोगट यकृताचा पिवळट-तांबूस रंग पाहून त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ते बनवले. स्टेथॉस्कोपचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेले लाएनेक ते हेच. मराठीत या विकारास ‘यकृत सूत्रण रोग’ अथवा ‘यकृतकाठिण्य’ म्हणतात. सूत्र म्हणजे धागा. यकृतात तंतूंचे जाळे पसरणे हा अर्थ पहिल्या नावात नेमका उतरला आहे. बोलीत मात्र ‘मुलाचे लिव्हर वाढले आहे’ एवढेच म्हणत असत. हातपाय काडीसारखे आणि पोट नगाऱ्यासारखे झालेले मूल दिसले, की त्याला ‘मुडदूस झाला’ असेही सरसकट म्हटले जाई. मुडदूस हा हाडांचा व पोषणाचा विकार असून त्याचा या रोगाशी संबंध नाही. या गल्लतीमुळे कितीतरी मुलांचे निदान लांबले असणार.

यकृताचे सूत्रण म्हणजे काय

यकृत हा शरीरातील सर्वांत मोठा अंतर्गत अवयव असून तो उजवीकडे बरगड्यांच्या आड असतो. आतड्यांतून शोषले गेलेले अन्नरस घेऊन येणारे रक्त प्रतिहारी नीलेवाटे प्रथम यकृतात येते. तेथे ते गाळले जाते, विषारी द्रव्ये निकामी केली जातात, पित्त तयार होते. रक्त गोठवणारी प्रथिने आणि रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिनही येथेच बनते.

यकृताची स्वतःला दुरुस्त करण्याची शक्ती विलक्षण असते. इजा एकदाच झाली तर नव्या पेशी तयार होऊन रचना पूर्ववत होते. परंतु इजा महिनोन्‌महिने होतच राहिली, तर जखमेवर व्रण उरावा तसे तंतुमय ऊतक यकृतभर पसरते. त्या जाळ्याच्या अधेमधे उरलेल्या पेशी गाठींच्या रूपाने वाढतात. या गाठाळ, कठीण यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही आणि प्रतिहारी नीलेतील दाब वाढतो. सूत्रण रोगाची बहुतेक लक्षणे दोनच गोष्टींतून उद्‌भवतात : एक, हा वाढलेला दाब आणि दोन, यकृताची अपुरी पडणारी कार्यशक्ती. दाबामुळे प्लीहा (पानथरी) वाढते, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी नीला फुगतात व त्या फुटल्यास रक्ताची उलटी होते. दाब वाढलेला आणि अल्ब्युमिन घटलेले, अशा स्थितीत पोटात पाणी साठते. आयुर्वेदात वर्णिलेला जलोदर तो हाच. पित्त रक्तात उतरल्याने कावीळ होते, रक्त गोठत नाही आणि अखेरीस न गाळलेल्या द्रव्यांचा मेंदूवर परिणाम होऊन रुग्ण ग्लानीत जातो.

प्रौढांमध्ये दीर्घकालीन मद्यपान, ‘बी’ व ‘सी’ प्रकारच्या विषाणुजन्य काविळी आणि स्थूलता-मधुमेहाबरोबर येणारे यकृतातील मेद ही सूत्रणाची नेहमीची कारणे होत. वर्षभराच्या मुलात यांपैकी काहीच संभवनीय नव्हते, आणि म्हणूनच या रोगाने वैद्यांना दीर्घकाळ चकवले.

पूर्वेतिहास

या रोगाचे पहिले वैद्यकीय वर्णन कोलकात्याचे डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये केले असे मानले जाते. त्यानंतर काही वर्षांतच गिबन्स यांनीही कोलकात्यातीलच रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास, म्हैसूर, मुंबई, पंजाब अशा निरनिराळ्या प्रांतांतून अहवाल येत राहिले. मद्रासेकडील ‘जम्मीज् लिव्हर क्युअर’ हे औषध मुलांच्या यकृतविकारावरील उपाय म्हणून घरोघर माहीत होते. एखाद्या रोगाची भीती समाजात किती खोल गेली होती, हे त्याच्या औषधांच्या खपावरूनही समजते.

रोगाच्या प्रसारात काही चमत्कारिक गोष्टी दिसत होत्या. तो शहरांपेक्षा खेड्यांत व लहान गावांत अधिक होता, पण अतिदरिद्री घरांत कमी होता. खाऊनपिऊन सुखी, बहुधा शाकाहारी हिंदू कुटुंबांतील मुले त्याला अधिक बळी पडत. मुलींपेक्षा मुलगे अधिक सापडत. एका घरात एक मूल गेले की पाठच्या भावंडालाही तोच रोग झाल्याची उदाहरणे बरीच होती आणि काही कुटुंबांत आईवडील एकमेकांच्या नात्यातले असत. परदेशांत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांत मात्र तो जवळजवळ आढळत नसे.

या निरीक्षणांवरून अनेक तर्क लढवले गेले. कुणी आनुवंशिक दोष म्हटले, कुणी विषाणू, कुणी आईच्या आहारातील उणीव, तर कुणी धान्यावरील बुरशीचे विष. प्रत्येक तर्क काही निरीक्षणांना लागू पडे आणि उरलेल्यांपुढे थांबे. गरिबांपेक्षा सुस्थितीतील मुलांना अधिक होणारा यकृतरोग हे कोडे कुपोषणाच्या उपपत्तीने सुटण्यासारखे नव्हतेच.

लक्षणे

रोगाचा आरंभ इतका हळू होतो, की तो नेमका केव्हा झाला हे पालकांना सांगता येत नाही. बहुतेक मुले एक ते तीन वर्षांची असतात. मूल किरकिरे होते, त्याची भूक मंदावते, अधूनमधून बारीक ताप येतो, शौचास फिकट रंगाचे होऊ लागते. पोट जरा मोठे दिसते, पण बाळसेदार मुलाचे पोट मोठे असतेच, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. या अवस्थेत कावीळ नसते. तरीही तपासणाऱ्याच्या बोटांना उजव्या बरगडीखाली यकृत सहज लागते. ते घट्ट असते आणि त्याची खालची कड पानाच्या कडेसारखी पातळ व धारदार जाणवते. ही धारदार कड हे या रोगाचे खास चिन्ह असून अनुभवी डॉक्टर तिच्यावरूनच संशय घेत.

मधल्या अवस्थेत यकृत दगडासारखे कठीण होते, प्लीहाही हाताला लागू लागते, पोटावरील नीला उठून दिसतात. मूल झडत जाते, पोट मात्र वाढत राहते. शेवटच्या अवस्थेत कावीळ दिसते आणि ती उतरत नाही. पोटात पाणी भरते, पायांवर व चेहऱ्यावर सूज येते, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते, जंतुसंसर्ग वारंवार होतात. त्यानंतर गुंगी आणि बेशुद्धी. काही मुलांत हा सगळा क्रम थोड्याच आठवड्यांत उरकतो.

यातील दुर्दैवाची बाब अशी, की घरच्यांना घाबरवणारे पहिले लक्षण म्हणजे कावीळ. आणि कावीळ दिसेपर्यंत या रोगाचा बराचसा प्रवास झालेला असे. गावोगावी काविळीवर झाडपाल्याचे औषध देणारे असत. तेथे आणखी काही दिवस जात.

सूक्ष्मदर्शकाखाली

यकृताचा लहानसा तुकडा सुईने काढून तपासल्यास निदान निश्चित होते. पेशी फुगलेल्या असतात आणि त्यांच्यात ‘मॅलरी पिंड’ म्हणून ओळखले जाणारे काचेसारखे पुंजके दिसतात. हे पिंड प्रथम मद्यपींच्या यकृतात वर्णिले गेले होते. दोन वर्षांच्या बाळाचे यकृत जुन्या मद्यप्याच्या यकृतासारखे दिसावे, याचे पूर्वीच्या अभ्यासकांना मोठे नवल वाटे. तंतू एकेका पेशीला वेढा घालत सरपटल्यासारखे पसरतात आणि गाठी फार बारीक असतात. नव्या पेशी तयार होण्याची यकृताची नेहमीची धडपड येथे जवळजवळ दिसत नाही.

निर्णायक ठरली ती ऑर्सीन या रंगद्रव्याची चाचणी. या रंगाने तांबेयुक्त प्रथिनांचे कण गडद तपकिरी दिसतात. १९७८-७९ च्या सुमारास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एकापाठोपाठ एक असे काही निबंध आले. हान्स पॉपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींतील तांब्याचे वर्णन केले, तर लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील स्ट्युअर्ट टॅनर आणि पुण्याचे आनंद पंडित प्रभृतींनी बाधित मुलांच्या यकृतातील तांबे प्रत्यक्ष मोजून दाखवले. निरोगी प्रौढाच्या यकृतात दर ग्रॅम कोरड्या ऊतीमागे सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. विल्सन रोग या आनुवंशिक ताम्रविकारात ते २५० च्या वर जाते. या मुलांत ते कितीदा १००० मायक्रोग्रॅमच्याही पुढे गेलेले आढळले. इतके तांबे आले कोठून, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यांतून अशी मुले मोठ्या संख्येने येत. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे सहकारी यांनी टॅनर यांच्यासमवेत तांब्याचा माग घरापर्यंत काढला. प्रयोगशाळेतील आकडा घेऊन स्वयंपाकघरात जाणे, ही या संशोधनाची खरी करामत म्हणावी लागेल. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी प्रतिपादन केले, की तान्ह्या वयात लवकर सुरू केलेले, तांब्याने दूषित झालेले जनावराचे दूध हे या रोगाचे संभाव्य कारण आहे. १९८७ मध्ये त्यांनी बाधित मुले आणि तशाच वयाची निरोगी मुले यांच्या आहाराचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला. बाधित मुलांचे स्तनपान लवकर तुटलेले होते, वरचे दूध लवकर सुरू झालेले होते आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवण्याची पद्धत त्यांच्या घरी कितीतरी अधिक होती.

जुन्या कोड्यातील बरेच तुकडे आता जागेवर बसू लागले. पितळेची भांडी म्हणजे घरची पत. ती लग्नात रुखवतावर मांडली जात, सासरी नेली जात, घासूनपुसून लखलखीत ठेवली जात. हातावर पोट असलेल्या घरांत माती आणि पुढे जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी असत. शिवाय मुलासाठी रोज गाईम्हशीचे दूध घेण्याची ऐपतही त्यांना नसे. ज्या घरात दुभते होते आणि पितळ होते, त्या घरातले मूल धोक्यात होते. पाठच्या भावंडाला रोग होण्याचे कारण रक्ताइतकेच फडताळातही असू शकत होते, कारण दोघांचे दूध एकाच पातेल्यात तापत होते. परदेशी गेलेल्या कुटुंबांनी ते पातेले मागे ठेवले होते.

दूध आणि पितळ

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ पितळेत ठेवल्यास धातू त्यात उतरतो, हे मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यासाठी भाषेत ‘कळकणे’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे. ताक कळकते, आमटी कळकते, चिंचेचे सार कळकते. त्याला हिरवट झाक व तुरट, मळमळवणारी चव येते आणि ते फेकून दिले जाते. म्हणून कोकणात आमसुलाचे सार कल्हईच्या किंवा मातीच्या भांड्यात करीत आणि लोणचे चिनी मातीच्या बरणीत घालीत. कल्हई करणारा कारागीर भांडे तापवून, नवसागर फिरवून आतून कथिलाचा पातळ थर देई. हा थर शाबूत असेतो अन्नाचा तांब्याशी स्पर्श होत नसे. थर झिजला की भांडे पुन्हा कल्हईस द्यावे लागे, आणि ते वेळेवर होईच असे नाही.

दुधाबाबत मात्र कुणाला शंका नव्हती. दूध गोड, ते कळकल्याचे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. त्यामागचे कारण टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. दुधातील केसीन हे प्रथिन पितळेतून तांबे ओढून घेते आणि स्वतःशी बांधून ठेवते. साधे पाणी त्याच भांड्यात ठेवले असता इतके तांबे घेत नाही. त्यातून दूध तापवण्याची रीत अशी, की ते एकदा उकळून चुलीच्या वैलावर निखाऱ्यांच्या धगीशी ठेवायचे आणि दिवसभर त्यातूनच बाळासाठी काढायचे. म्हणजे उष्णता आणि वेळ दोन्ही तांब्याच्या बाजूने. दूध नासू नये म्हणून घेतलेली काळजीच येथे अपायाला कारण होई.

मोठ्या माणसांनी हेच दूध पिऊन त्यांना काही होत नसे, कारण जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची त्यांच्या यकृताची क्षमता पूर्ण असते. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. गर्भावस्थेच्या अखेरीस बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मुळातच केलेला असतो. जन्मतः ते प्रमाण प्रौढाच्या अनेक पट असते. आईच्या दुधात तांबे अल्प असल्याने हा साठा बाळाला पहिले काही महिने पुरतो व हळूहळू उतरतो. पित्तावाटे तांबे टाकण्याची यंत्रणा या काळात अपक्व असते. अशा वेळी बाहेरून तांब्याची भर पडत राहिली, तर साठा उतरण्याऐवजी चढत जातो. म्हणूनच अंगावरचे दूध किती महिने मिळाले, हा मुद्दा भांड्याइतकाच महत्त्वाचा ठरला.

उपचार

पूर्वी या रोगावर देण्यात आलेली स्टेरॉइडे, जीवनसत्त्वे आणि नाना ‘यकृतपोषक’ औषधे यांचा उपयोग झाला नाही. तांबे हेच विष आहे हे लक्षात आल्यावर पेनिसिलामिन हे औषध वापरण्याचा मार्ग खुला झाला. हे औषध तांब्याला बांधून लघवीवाटे बाहेर काढते आणि विल्सन रोगात ते आधीपासून दिले जात होते. पुण्यातील गटाने त्याच्या चाचण्या करून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कावीळ होण्यापूर्वी औषध सुरू केल्यास मृत्यूचे प्रमाण घटते, पण कावीळ व जलोदर झाल्यावर फारसा लाभ होत नाही, असे दिसून आले. लक्षणांचा क्रम ओळखण्याला महत्त्व आले ते यामुळे.

आशिष बावडेकर, शीला भावे आदींनी १९९६ मध्ये दीर्घकाळ जगलेल्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. औषधाने वाचलेल्या मुलांच्या यकृताचे तुकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासले असता, रोगाची तीव्र चिन्हे मावळून प्रथम निष्क्रिय सूत्रण आणि पुढे जवळजवळ निरोगी रचना, असा क्रम आढळला. सूत्रण एकदा झाले की ते कधीच मागे फिरत नाही, अशी तोवरची समजूत होती. ती शिथिल करणाऱ्या पुराव्यांत या मुलांचा समावेश करावा लागतो.

रोगाचा ऱ्हास

पुणे परिसरात १९८० च्या दशकात पालकांना दोन साध्या गोष्टी सांगितल्या जाऊ लागल्या : अंगावरचे दूध शक्य तितके दिवस पाजा आणि वरचे दूध पितळेत वा तांब्यात तापवू नका. याच सुमारास स्टेनलेस स्टीलची भांडी खेडोपाडी पोहोचली. मोडीत पितळ देऊन स्टील घेण्याची एक लाटच आली. मोडीच्या बदल्यात नवी भांडी देणाऱ्यांनी नकळत केवढे आरोग्यकार्य केले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. रोगाच्या प्रतिबंधाविषयीचा पुणे व चंडीगड येथील अभ्यासकांचा संयुक्त निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर बालरोग विभागांतील या मुलांची संख्या झपाट्याने उतरलेली होती. त्यानंतरच्या पिढीतील डॉक्टरांपैकी अनेकांनी या रोगाचा रुग्ण फक्त पुस्तकात पाहिला आहे.

भारताबाहेर

नावात ‘भारतीय’ असले तरी रोग भारतापुरता नव्हता. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडील टायरॉल या डोंगराळ प्रदेशात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अगदी अशाच विकाराने मरण पावल्याचे १९९६ मध्ये म्युलर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळण्याची रीत होती. भांडी बदलली आणि रोग संपला. टायरॉलमधील वंशावळी तपासता आनुवंशिक प्रवृत्तीचा धागाही स्पष्ट दिसला, कारण तेच दूध पिणारी इतर पुष्कळ मुले निरोगी राहिली होती. जर्मनीत तांब्याच्या नळांतून येणाऱ्या आम्लधर्मी विहिरीच्या पाण्यात दुधाची भुकटी कालवून दिलेल्या काही बाळांनाही असा रोग झाल्याचे नोंदले गेले आहे.

मतभेद

तांब्याची उपपत्ती सर्वांना मान्य झाली असे नाही. एन. सी. नायक यांच्यासारख्या यकृतविकृतिशास्त्रज्ञांनी आहारातील तांबे हे मूळ कारण सिद्ध झालेले नाही, अशी भूमिका सातत्याने मांडली. पितळेचा वापर नसलेल्या घरांतही काही रुग्ण सापडतात आणि पितळ वापरणाऱ्या बहुसंख्य घरांत एकही सापडत नाही, हा त्यांच्या बाजूचा भक्कम मुद्दा होय. शाइनबर्ग व स्टर्नलीब यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील, पाण्यात तांबे अधिक असलेल्या गावांची पाहणी केली. तेथे यकृतरोगाने एकही बालमृत्यू आढळला नाही.

आज बहुतेक अभ्यासक दोन्ही अंगे जुळवून पाहतात. तांबे नीट बाहेर टाकू न शकण्याची जन्मजात प्रवृत्ती काही थोड्या मुलांत असावी आणि तांब्याने दूषित दूध मिळाले तरच ती रोगाच्या रूपाने प्रकटावी, असे टायरॉलच्या उदाहरणावरून दिसते. अशी प्रवृत्ती कोणत्या जनुकामुळे येते हे अद्याप निश्चित झालेले नाही. रोगच उरला नसल्याने नवे रुग्ण तपासून वादाचा निकाल लावण्याची संधीही मावळली. तरी भांडी बदलताच दोन खंडांत, दोन वेगळ्या समाजांत रोग नाहीसा व्हावा, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मुलांमधील यकृत सूत्रणाची इतर कारणे

विल्सन रोगातही यकृतात तांबे साठते, परंतु त्याचे कारण एटीपी७बी या जनुकातील दोष असून तो जनुक १९९३ मध्ये सापडला. हा रोग सहसा तीन-चार वर्षे वयानंतर प्रकट होतो, रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबेवाहक प्रथिन कमी असते व मोठ्या मुलांत बुबुळाच्या कडेने तपकिरी वलय दिसू शकते. भारतीय बालसिरोसिसमध्ये हे प्रथिन कमी झालेले नसते व वलयही नसते.

अर्भकांमध्ये आज सूत्रणाचे प्रमुख कारण म्हणजे पित्तवाहिन्या जन्मतः बंद असणे. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही बाळाची कावीळ उतरली नाही आणि शी पांढुरकी, मातकट रंगाची होत असेल, तर बाळाला ताबडतोब बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते. पित्ताला वाट करून देणारी कसाई शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाल्यास तिच्या यशाची शक्यता अधिक असते. ‘कसाई’ हे ती शोधणाऱ्या जपानी शल्यविशारदांचे आडनाव आहे. मातेकडून बाळाला होणाऱ्या ‘बी’ प्रकारच्या काविळीमुळेही पुढे सूत्रण होऊ शकते. तिच्यावरील लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात असून पहिली मात्रा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत देतात. यकृत पूर्ण निकामी झालेल्या मुलांसाठी प्रत्यारोपण हा पर्याय असून त्यात बहुधा आई किंवा वडील आपल्या यकृताचा काही भाग देतात.

अलीकडे तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची आवड पुन्हा वाढली आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलीग्रॅमपर्यंत तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेत बसते आणि निरोगी प्रौढांना साध्या पाण्यापासून सहसा अपाय होत नाही. दूध, ताक, सरबत यांसाठी ही भांडी आजही अयोग्यच आहेत, आणि वर्षाच्या आतील बाळाचे दूध कालवण्यासाठी तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी वापरू नये.